मूल स्वतः शिकतं, मग शिक्षकाचं काम काय?

दुसरी-तिसरीच्या कोणत्याही वर्गात ५२ मधून २७ वजा करायला सांगा. चार-दोन पाट्यांवर ३५ हे उत्तर हमखास सापडतं. मुलाने एककाच्या घरात २ आणि ७ पाहिले. लहान संख्येतून मोठी जात नाही, हे त्याला पहिलीपासून सांगितलेलं आहे. म्हणून त्याने ७ मधून २ काढले आणि ५ लिहिले. दशकाच्या घरात ५ मधून २ गेले, ३ राहिले. यात वेंधळेपणा नाही, अंदाजपंचे काही ठोकून देणंही नाही. आपल्याजवळच्या नियमाने त्याने शिस्तीत उत्तर काढलं आहे. फक्त तो नियम इथे पुरत नाही.

या पाटीसमोर उभा असलेला शिक्षक तीन प्रकारे वागू शकतो. एक शिक्षक फुली मारतो, हातच्याची रीत फळ्यावर पुन्हा करून दाखवतो आणि दहा गणितं सोडवायला देतो. दुसरा फुली मारत नाही. मुलाचं मन दुखावू नये म्हणून ‘छान प्रयत्न’ म्हणतो, गटात चर्चा करायला सांगतो आणि पुढच्या गटाकडे जातो. तिसरा मुलाशेजारी बसतो आणि विचारतो, ‘हे कसं केलंस?’ मूल सांगतं. मग तो काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या पुढे ठेवतो आणि म्हणतो, ‘यातून मला सत्तावीस दे.’ मूल दोन गठ्ठे देतं, दोन सुट्या देतं आणि थांबतं. अजून पाच हव्यात, पण हातात नुसते गठ्ठे उरलेत. थोडा वेळ जातो. शिक्षक काही बोलत नाही. मूल विचारतं, ‘गठ्ठा सोडला तर चालेल?’ शिक्षक मान डोलावतो. पंचवीस उरतात. आता शिक्षक पाटीकडे बोट दाखवतो: ‘आणि इथे पस्तीस कसे आले?’

पहिल्या शिक्षकाला आपण पारंपरिक म्हणतो. आपल्याकडे गेल्या दीड-दोन दशकांत ज्ञानरचनावाद या नावाखाली जे चाललं, त्यात दुसऱ्या प्रकारच्या शिक्षकांची संख्या फार वाढली. तिसरा मात्र विरळाच राहिला. असं का झालं, हाच या आढाव्याचा प्रश्न आहे.

ज्ञानरचनावादाच्या कल्पनेचं मूळ पाहायचं तर १९२० च्या सुमाराच्या पॅरिसमध्ये जावं लागतं. ज्याँ पियाजे हा तरुण स्विस संशोधक तिथे थिओडोर सिमाँसाठी मुलांच्या तर्कशक्तीच्या चाचण्या प्रमाणित करण्याचं काम करत होता. बरोबर उत्तरं मोजायची, एवढंच काम. पियाजेचं लक्ष मात्र चुकीच्या उत्तरांकडे गेलं. ठरावीक वयाची मुलं ठरावीक प्रकारेच चुकतात, हे त्याच्या ध्यानात आलं, आणि तो मुलांशी बोलू लागला. पुढची साठ वर्षं त्याने जे केलं त्याची सुरुवात या बोलण्यात आहे. मूल आपल्या अनुभवातून जगाविषयी मनात काही रचना तयार करतं. नवा अनुभव आला की आधी तो जुन्या रचनेत बसवून पाहतं. बसला नाही तर अस्वस्थ होतं आणि रचना बदलतं. वजाबाकीच्या त्या मुलाचं हेच झालं होतं. काड्या जुन्या नियमात बसेनात, तेव्हा त्याला गठ्ठा सोडण्याची गरज भासली.

पियाजेच्याच वर्षी, १८९६ मध्ये जन्मलेला लेव्ह वायगॉट्स्की क्षयाने १९३४ मध्येच गेला. त्याच्या लेखनातला महत्त्वाचा भाग इंग्रजी वाचकांपर्यंत नीट पोचायला १९७८ साल उजाडलं. त्याने या चित्रात दुसरा माणूस आणला. मूल एकटं काय करू शकतं आणि जाणत्याच्या मदतीने काय करू शकतं यांत अंतर असतं, आणि शिकवण्याची खरी जागा ते अंतरच आहे. मूल जे एकट्याने करतंच आहे ते शिकवून उपयोग नाही, आणि मदत करूनही जे झेपणार नाही तेही नाही. शिवाय विचार करण्याची साधनं, म्हणजे भाषा, अंक, नकाशे, सूत्रं, मूल शून्यातून घडवत नाही. समाजाने ती आधीच घडवलेली असतात आणि माणसांशी बोलता-वागता मूल ती आपलीशी करतं.

हे अंतर भरून काढताना शिक्षक नेमकं काय करतो, हे डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी १९७६ मध्ये एका छोट्या प्रयोगात तपासलं. तीन, चार आणि पाच वर्षांच्या तीस मुलांना एकवीस लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायचा होता, आणि एक शिक्षिका त्यांना मदत करत होती. तीन वर्षांच्या मुलांना कामाकडे ओढून आणण्यातच तिचा वेळ गेला. चार वर्षांच्या मुलांना चूक झाली की शब्दांनी सुचवावं लागलं. पाच वर्षांची मुलं तिच्याकडे बहुतेक वेळा फक्त बरोबर आहे ना, एवढं विचारायला वळत होती. कामात रस निर्माण करणं, काम मुलाला पेलेल इतकं लहान करणं, भरकटलेल्याला पुन्हा वाटेवर आणणं, महत्त्वाची गोष्ट नजरेस आणून देणं, हिरमोड होऊ न देणं आणि गरज पडली तर करून दाखवणं, अशी सहा कामं त्यांनी नोंदवली. बांधकामाला परांची लावतात तशी ही मदत, असं त्यांनी म्हटलं. भिंत उभी राहिली की परांची काढायची असते, आणि ती आधीच काढली तर काय होतं हे कोणत्याही गवंड्याला विचारावं.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. मुलाच्या मनात ज्ञान कसं तयार होतं, हे सांगणारा हा सिद्धांत आहे. शिक्षकाने बोलू नये, सांगू नये, दाखवू नये, असं त्यातून निघत नाही. व्याख्यान ऐकणारं मूलही मनात रचनाच करत असतं; ती कधी नीट होते, कधी मोडकी. ज्ञान मूल रचतं, म्हणून शिक्षकाने बाजूला व्हावं, हा निष्कर्ष सिद्धांतात नव्हता. तो मागाहून काढला गेला, आणि पुढचा सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

महाराष्ट्राला ही दृष्टी परदेशातून एका रात्रीत आलेली नाही. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केलं. ते पुढे कोसबाडला गेलं. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी तिथे अंगणवाडी आणि कुरणशाळा चालवल्या. गुरं राखणारी वारली मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळा कुरणावर न्यायची. चिंचोके, शंख-शिंपले, पानं, बिया हीच शैक्षणिक साधनं. १९३७ च्या वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून आलेली नई तालीमही हाताने काम करता करता ज्ञान मिळवण्याचीच मांडणी करत होती. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. या सगळ्यांच्या कामात एक सूत्र दिसतं. मुलाला मोकळीक भरपूर, आणि त्या मोकळिकीमागे शिक्षकाची तयारी त्याहून जास्त. मुलाचं निरीक्षण कसं करायचं, त्याची टिपणं कशी ठेवायची, कोणता अनुभव कशानंतर द्यायचा, याचा विचार तिथे रोज चालत असे.

फलटणमध्ये मॅक्सीन बर्नसन यांनी मराठी वाचन-लेखनावर केलेलं काम मला या विषयात फार मोलाचं वाटतं. मुलांशी गप्पा, गोष्टी, त्यांचं स्वतःचं लेखन हे सगळं तिथे होतंच. पण त्याच्या जोडीला अक्षरांच्या छोट्या गटांची क्रमवार, सरळ ओळख करून देणंही होतं. ‘क’ या आकाराला क असं म्हणायचं, हे कोणत्याही मुलाला स्वतः शोधून काढता येणार नाही. तो संकेत आहे आणि संकेत सांगावाच लागतो. तो सांगितल्यावर त्यातून शब्द, वाक्य आणि अर्थ उभा करणं हे मात्र मुलाचं काम. काय सांगायचं आणि काय मुलावर सोपवायचं, याची निवड करता येणं ही शिक्षकाच्या कामातली सर्वांत अवघड गोष्ट, आणि तिचा इतका स्वच्छ नमुना मराठीत दुसरा क्वचित सापडेल.

शेजारच्या मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ मध्ये सोळा उच्च प्राथमिक शाळांत सुरू झाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतलं काम सोडून खेड्यात आलेले अनिल सद्गोपाल त्याच्या प्रवर्तकांपैकी एक. मुलं गटात प्रयोग करत, निरीक्षणं लिहीत, वर्गात वाद घालत. परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची मुभा होती. या कार्यक्रमाचं नाव निघालं की साधनपेटी आणि प्रयोग यांचं कौतुक होतं. मला जास्त महत्त्वाची वाटते ती शिक्षकांसाठी उभी केलेली व्यवस्था. उन्हाळ्यात लांबलचक प्रशिक्षणं होत. त्यांत शिक्षकांनी तेच प्रयोग स्वतः करायचे, स्वतः चुकायचं, विद्यापीठांतल्या शास्त्रज्ञांशी भांडायचं. वर्ष सुरू झालं की दर महिन्याला जवळच्या केंद्रावर बैठक होई, आणि तिथे गेल्या महिन्यात वर्गात काय फसलं ते मांडायचं. तीस वर्षं हे चाललं. २००२ मध्ये सरकारने कार्यक्रम बंद केला.

मग धोरणांचा काळ आला. मुलाच्या दप्तराच्या आणि डोक्यावरच्या ओझ्याबद्दल यशपाल समितीने १९९३ मध्ये लिहिलं होतं. त्याच यशपालांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ तयार झाला आणि ज्ञानरचनावाद हा देशाच्या शाळांचा अधिकृत पाया ठरला. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये कृती, शोध आणि संशोधन यांतून शिकण्याचा उल्लेख आला. महाराष्ट्राने २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणलं आणि २२ जून २०१५ ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू केला. दहा वर्षांत इतका मोठा बदल कागदावर उतरला. एका मोठ्या राज्याने आपल्या जिल्हा परिषद शाळांतल्या गोरगरिबांच्या मुलांसाठी हा विचार स्वीकारला, ही गोष्ट लहान नाही. तोवर तो कोसबाडला, कोल्हापूरला, फलटणला होता. आता गडचिरोलीच्या शाळेतही त्याचं नाव पोचलं.

सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट या काळात महाराष्ट्रभर गाजलं. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि त्यांच्या बीटातल्या शिक्षकांनी जिल्हा परिषदेच्या साध्या शाळांत जे उभं केलं, ते पाहायला राज्यभरातून शिक्षक गाड्या करून येऊ लागले. पहिलीतली मुलं सलग वाचत होती, मोठ्या संख्यांशी खेळत होती, आणि शिक्षक वर्गभर फिरत कुणाला कुठे अडलंय ते पाहत होते. पाहुण्यांनी परत जाताना काय नेलं? फोटो नेले. त्या फोटोंत सहज दिसत होती ती रंगवलेली फरशी. एक-दोन वर्षांतच गावोगावच्या शाळांच्या फरशांवर अंकांचे चौकोन, बाराखडीचे तक्ते, सापशिडी उमटली. लोकवर्गणी जमली, पेंटर आले. फरशी रंगवण्यात चूक काहीच नाही, मुलांना ती आवडते. पण कुमठ्यात मुलं शिकत होती ती फरशीमुळे नव्हे. वर्षानुवर्षं एकत्र बसून मूल कसं शिकतं हे समजून घेणाऱ्या शिक्षकांमुळे ती शिकत होती, आणि ते बसणं फोटोत येत नाही.

मूल्यमापनाचीही तीच गत झाली. निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प अशा आठ तंत्रांनी मुलाला वर्षभर जाणून घ्यावं आणि वर्णनात्मक नोंदी लिहाव्यात, ही कल्पना उत्तम होती. ५२ वजा २७ चं उत्तर ३५ लिहिणाऱ्या मुलाच्या नावापुढे ‘एककातल्या अंकांची अदलाबदल करतो, गठ्ठा सोडण्याचा अनुभव द्यायला हवा’ अशी ओळ यायला हवी होती. आली ती ‘गणितात रस घेतो’, ‘सुधारणेला वाव आहे’ अशी ओळ, कारण तयार नोंदींच्या पुस्तिका बाजारात मिळू लागल्या आणि त्यांच्या पीडीएफ शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरू लागल्या. शिक्षकांना दोष देऊन भागणार नाही. साठ मुलांच्या आठ तंत्रांच्या नोंदी, शिवाय यू-डायसची माहिती, पोषण आहाराचा हिशेब, बीएलओचं काम आणि रोजची कुठली तरी लिंक भरणं, हे सगळं ज्याच्या गळ्यात आहे, तो मुलाच्या पाटीशेजारी केव्हा बसणार?

जून २०१९ मधली एक घटना आठवून पाहा. दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात ‘सत्तावीस’ बरोबर ‘वीस सात’ असंही वाचन दिलं होतं. मराठीत आपण २७ बोलताना सात आधी उच्चारतो आणि वीस नंतर. लिहिताना २ आधी येतो. लहान मुलं पंचवीस ऐकून ५२ लिहितात त्यामागे ही अडचण आहे, त्यात जोडाक्षरांची भर. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी हे शांतपणे समजावून सांगितलं. पुस्तकाने जुने शब्द काढूनही टाकले नव्हते. तरी राज्यभर टिंगल झाली. मूल कुठे आणि का अडतं याचा अभ्यास करून केलेली ती एक साधी सोय होती. एरवी बालकेंद्री शिक्षणाचे गोडवे गाणाऱ्या समाजाने तिला हसून घालवलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता टीकेकडे वळू, कारण ती गंभीर आहे आणि ज्ञानरचनावादाच्या चाहत्यांनी ती टाळता कामा नये. २००४ मध्ये रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञाने तीन दशकांचं संशोधन तपासून दाखवलं की मुलांना निव्वळ शोध घ्यायला सोडून देण्याचा प्रयोग दर दशकात नव्या नावाने होतो आणि दर वेळी फसतो. त्याच वर्षी डेव्हिड क्लार आणि मिलेना निगम यांनी तिसरी-चौथीच्या मुलांना प्रयोग रचायला शिकवलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकीच्या तशाच ठेवायच्या, हे एका गटाला उदाहरणं देऊन समजावलं, तर दुसऱ्याला त्याच साहित्यासह नुसतं सोडलं. समजावलेल्या मुलांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक मुलांना ते जमलं, सोडलेल्यांपैकी चौथ्या हिश्शालाही नाही. २००६ मध्ये किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांचा लेख आला आणि जगभर वाद पेटला. नवशिक्याची कामचलाऊ स्मृती फार थोडं एका वेळी पेलू शकते, त्याला काही न दाखवता प्रश्नात ढकललं की ती धडपडण्यातच खर्ची पडते आणि शिकायला काही उरत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

या वादाचा निवाडा माझ्या मते २०११ मध्ये बराचसा झाला. लुई आल्फिएरी आणि सहकाऱ्यांनी १६४ अभ्यास एकत्र तपासले. मदतीशिवायचा शोध आणि सरळ शिकवणं यांची तुलना केली तेव्हा सरळ शिकवणं वरचढ ठरलं. पण शिक्षक प्रश्न विचारतो, मुलाकडून कारण वदवून घेतो, वेळेवर दुरुस्ती करतो, अशा मदतीच्या शोधाची तुलना इतर पद्धतींशी केली तेव्हा तो शोध वरचढ ठरला. म्हणजे आपल्या तीन शिक्षकांपैकी सर्वांत कमी उपयोगाचा दुसरा, आणि सर्वांत जास्त उपयोगाचा तिसरा. पहिला या दोहोंच्या मध्ये. फुली मारून रीत दाखवणाऱ्या ज्या शिक्षकाला आपल्या प्रशिक्षणांत इतकी वर्षं मागास ठरवलं गेलं, त्याच्या वर्गातली मुलं निदान काहीतरी शिकत होती.

सांगण्याला पर्याय नसतो अशा जागा किती असतात, याचं एक उदाहरण शेतकऱ्याच्या मुलांच्या ओळखीचं आहे. झाडाचं अन्न कुठून येतं, असं विचारलं की मुलं सांगतात, मातीतून, खतातून. घरात युरियाच्या गोण्या पाहणाऱ्या मुलाचं हे उत्तर अनुभवातूनच आलेलं आहे. सतराव्या शतकात व्हॅन हेल्माँट याने कुंडीत २०० पौंड वाळवलेली माती घेतली, ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड सुमारे १६९ पौंडांचं झालं, माती जेमतेम दोन औंस घटली. १६४८ मध्ये हा प्रयोग छापून आला. वर्गात हे आकडे ठेवले की मुलं चमकतात, माती खाल्ली नाही तर एवढं वजन आलं कुठून, असा वाद सुरू होतो. हा वाद व्हायलाच हवा. पण स्वतः हेल्माँटने यावरून काढलेला निष्कर्ष होता, पाण्यातून. हवेतला वायू आणि पाणी यांतून झाड आपलं शरीर बनवतं, हे पक्कं व्हायला १८०४ पर्यंत, सोस्यूर या शास्त्रज्ञापर्यंत थांबावं लागलं. दीडशे वर्षं थोर माणसांना लागली ती वाट पस्तीस मिनिटांच्या तासिकेत सातवीतलं मूल एकटं कशी चालेल? शिक्षकाने कोडं उभं करावं, मुलांची मतं बाहेर काढावीत, ती एकमेकांशी भिडवावीत, आणि मुलं उत्तरासाठी आतुर झाली की उत्तर नीट, स्पष्ट सांगावं. सांगायची वेळ ओळखणं हेच तिथलं कौशल्य.

अमेरिकेतला एक अभ्यास आपल्या प्रत्येक अध्यापक विद्यालयात वाचला जावा असं मला वाटतं. कॅलिफोर्निया राज्याने १९८५ मध्ये समजपूर्वक गणिताचा नवा आराखडा आणला. डेव्हिड कोहेन याने एका प्राथमिक शिक्षिकेचा वर्ग पाहिला आणि १९९० मध्ये त्यावर लिहिलं. तिचं खरं नाव त्याने दिलं नाही. ही शिक्षिका बदलाने भारावलेली होती. मुलं गटात बसत, दाणे आणि काड्या हाताळत, उत्साह ओसंडत असे. पण सगळी मुलं तिच्या सूचनेबरहुकूम एकाच वेळी तीच हालचाल करत होती. उत्तर कसं आलं हे ती विचारत नव्हती, चुकीच्या उत्तरामागे काय आहे तिकडे तिचं लक्षच नव्हतं. साधनं हाताळली की गणित आपोआप समजतं, असा तिचा प्रामाणिक विश्वास होता. कोहेनने तिला दोषी ठरवलं नाही. तिच्याकडून जे गणित अपेक्षित होतं ते तिला स्वतःलाच कुणी शिकवलेलं नव्हतं, आणि एकदोन कार्यशाळांपलीकडे तिला मदतही नव्हती. आपल्या रंगवलेल्या फरश्यांची गोष्ट आणि ही गोष्ट एकच आहे.

ली शुलमन याने १९८६ मध्ये याच मुद्द्यावर बोट ठेवलं होतं. शिक्षकाला विषय यायला हवा, शिकवण्याच्या पद्धती यायला हव्यात, पण त्याखेरीज एक तिसरं ज्ञान लागतं: हा विशिष्ट विषय शिकताना मुलं कुठे अडतात, काय गैरसमज घेऊन येतात, कोणतं उदाहरण तिथे लागू पडतं. ३५ हे उत्तर पाहिल्याबरोबर काड्यांकडे हात जातो तो या ज्ञानामुळे. आपल्या डी.एल.एड. आणि बी.एड.च्या दोन-दोन वर्षांत पियाजे आणि वायगॉट्स्कीची नावं, व्याख्या, टप्पे पाठ होतात. वजाबाकीतल्या, अपूर्णांकातल्या, वाचनातल्या नेमक्या चुका घेऊन त्यांच्यावर तास-दोन तास चर्चा मात्र क्वचितच होते.

जपानच्या गणिताच्या वर्गांची चित्रफीत १९९५ च्या तिम्स या आंतरराष्ट्रीय अभ्यासाबरोबर तयार झाली आणि जेम्स स्टिगलर व जेम्स हीबर्ट यांनी तिच्यावर लिहिलं. तिथला शिक्षक तासाला एकच दणकट प्रश्न देतो, मुलांना झगडू देतो, बाकांमधून फिरत कोण कसं सोडवतंय हे टिपतो आणि ठरवतो की आधी कुणाची रीत फळ्यावर आणायची, मग कुणाची. शेवटी मुद्दा स्वतः बांधून देतो. मुलं कोणती उत्तरं देतील याची यादी त्याने घरूनच केलेली असते. शाळेतले शिक्षक मिळून एकच पाठ तयार करतात, एकजण तो घेतो, बाकीचे वर्गात मागे बसून मुलांकडे पाहतात आणि संध्याकाळी त्यावर बोलतात. आणि हे सगळं तेव्हा चाळिसेक मुलांच्या वर्गात होतं. म्हणून वर्ग मोठे आहेत तोवर काही शक्य नाही, हे म्हणणं मला पूर्ण पटत नाही. शिक्षकाला तयारीला आणि सहकाऱ्यांशी बोलायला पगारी वेळ मिळतो की नाही, हा त्याहून मोठा प्रश्न आहे. आपल्याकडे यासाठी शिक्षण परिषद ही उत्तम जागा आहे. दर महिन्याला केंद्रातले शिक्षक एकत्र येतात. तिथला बहुतेक वेळ परिपत्रकं वाचण्यात आणि माहिती गोळा करण्यात जातो.

दोनशिक्षकी शाळेचा प्रश्न मात्र खराच वेगळा आहे. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी, आणि एक शिक्षक बैठकीला गेला की चारही वर्ग एकाकडे. अशा ठिकाणी मुलांनी आपापल्या गतीने स्वतः काम करणं ही चैन नाही, गरज आहे. आंध्र प्रदेशातल्या ऋषी व्हॅली संस्थेच्या कृतिपत्रिका आणि शिडीची पद्धत अशाच छोट्या खेड्यांतल्या शाळांसाठी तयार झाली. तिथे शिक्षकाचा मोठा वाटा वर्गाबाहेर, कृतींचा क्रम आखण्यात असतो.

भाषेबद्दल बोलल्याशिवाय हा आढावा पुरा होणार नाही. मुलाच्या पूर्वज्ञानावर नवं ज्ञान उभं राहतं, हे सिद्धांताचं पहिलं वाक्य. मेळघाटातल्या कोरकू मुलाचं पूर्वज्ञान कोरकूत आहे, धडगावच्या मुलाचं पावरीत, भामरागडच्या मुलाचं माडियात. शिक्षकाला ती भाषा समजत नसेल तर ‘हे कसं केलंस?’ हा प्रश्न विचारताच येत नाही, आणि मग सगळा डोलारा पहिल्याच पायरीवर अडतो. अमेरिकेतल्या काळ्या मुलांच्या संदर्भात लिसा डेल्पिट यांनी १९८८ मध्ये एक इशारा दिला होता. प्रतिष्ठितांच्या घरातली मुलं प्रमाण भाषा, लिहिण्याची रीत, शाळेचे संकेत घरूनच घेऊन येतात. बाकीच्या मुलांना ते शाळेने उघड शिकवले नाहीत तर मोकळीकच त्यांना मागे ठेवते. ऊसतोडीला आई-बापांबरोबर जाऊन चार-पाच महिन्यांनी परतणाऱ्या मुलाला हे तंतोतंत लागू आहे. त्याच्या भाषेचा, अनुभवाचा मान ठेवायचा आणि त्याला प्रमाण मराठी, गणित, विज्ञान यांचं सरळ, भरपूर, आग्रहाने शिक्षणही द्यायचं. एकाच्या नावावर दुसरं टाळलं तर नुकसान त्याचंच होतं.

नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आलं, ‘निपुण भारत’ ५ जुलै २०२१ ला सुरू झालं. आता पायाभूत साक्षरता, अध्ययन निष्पत्ती, चाचण्या यांचा बोलबाला आहे आणि ज्ञानरचनावाद हा शब्द परिपत्रकांतून मागे पडतोय. लंबक दुसऱ्या टोकाला जाण्याची लक्षणं दिसत आहेत. काल फरशी होती, उद्या चाचणीचे गुण असतील, आणि दोन्ही वेळा शिक्षकाला मुलाच्या चुकीपुढे बसायला उसंत नसेल. हे टाळायचं असेल तर तीन गोष्टी सरकारच्या हातात आहेत. शिक्षण परिषदेतली परिपत्रकं बंद करून तो दिवस मुलांच्या वह्यांवर बोलायला द्यावा. अध्यापक विद्यालयांत प्रत्येक विषयातल्या मुलांच्या नेहमीच्या चुका हा अभ्यासक्रमाचा मुख्य भाग करावा. आणि अध्यापनाव्यतिरिक्तची कामं शिक्षकांकडून काढून घ्यावीत. हे आश्वासन आजवरच्या बहुतेक शिक्षणमंत्र्यांनी दिलं आहे, ते एकाने पाळावं.

शिक्षक वाचकांना एक विनंती आहे. पुढच्या शिक्षण परिषदेला जाताना आपल्या वर्गातली चुकीची उत्तरं असलेल्या दोन वह्या बरोबर घेऊन जा, आणि परिपत्रक वाचायला सुरुवात होण्याआधी त्या सहकाऱ्यांपुढे उघडा.